कळलावीचा कंद उकडला तरी विषारीच

रानकंदांच्या रील्सना सध्या ऊत आलाय. हातात धुतलेला कंद, मागे गाणं, आणि वेलाचा पत्ता नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे. नुसता कंद बघून "हा खायचा" असं सांगणं बंद व्हायला हवं, कारण त्याच रानात आणि बांधावरच्या कुंपणात कळलावीही वाढते. काही भागांत तिला खड्यानाग किंवा वाघनखी म्हणतात.

पावसाळ्यात ती ओळखू येते. लाल-पिवळ्या, मागे वळलेल्या सहा पाकळ्या. गोव्यात माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला, बांधतात तीच. फूल नसेल तर पान बघा. देठ नाही, पातं लांबट, शिरा समांतर, आणि टोक निमुळतं होत स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं. त्या टोकानेच ती शेजारच्या झुडपाला धरून वर चढते. खायच्या कंदांच्या वेली वेगळ्या दिसतात: कोनफळ, करांद्याचं पान देठाचं आणि बदामी, शेंडवेलीचं पान हाताच्या पंजासारखं विभागलेलं; आणि या वेलींचं खोडच आधाराला पिळे घालतं.

गोची अशी, की कंद खणतात वेल वाळल्यावर, आणि तोवर कळलावीही वाळलेली असते. मग हाती उरतो फिकट तपकिरी, गुळगुळीत, व्ही आकाराचा, दोन्ही टोकांना निमुळता कंद. खणताना एक फाटा मोडला की उरलेला तुकडा लहान रताळ्यासारखा दिसतो. रताळं कापलं की चीक येतो, याला येत नाही. पण मी या खुणेवर जेवणार नाही. ज्या वेलीचा कंद हवा, तिला भाद्रपदातच, पानं हिरवी असताना, चिंधी बांधून ठेवा. चिंधी नाही तिथे खणायचं नाही.

"राखेत उकडून, काप वाहत्या पाण्यात ठेवले की कडूपणा जातो" हे कडू करांद्याचं तंत्र. जाणत्या लोकांनी ते त्याच कंदासाठी बसवलंय. कळलावीतलं विष, कोल्चिसिन, उकडून नष्ट होत नाही. श्रीलंकेत हा कंद रताळं समजून उकडून खाल्लेली माणसं दगावली आहेत. हेच कोल्चिसिन गाऊट या सांधेदुखीवर औषध म्हणून देतात, तेव्हा गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची असते. ६० किलोच्या माणसाला ५० मिलिग्रॅमच्या आसपास मात्रा बहुधा जीव घेते, आणि तेवढी एका कंदात सहज असू शकते. बियाही विषारी, त्यामुळे पूजेची फुलं-बोंडं लहान मुलांच्या हाती देऊ नका.

खाल्ल्यावर साधारण २ ते ६ तासांत, कधी त्याहून उशिरा, घशाची आग, उलट्या, पाण्यासारखे जुलाब. दवाखान्यात "काहीतरी शिळं खाल्लं असेल" म्हणून सलाईन लावून घरी पाठवतात, आणि घात तिथेच होतो. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभरात रक्तदाब, मूत्रपिंडं, हृदय कोलमडू शकतं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरतात. वाचलेल्यांचे केस दोन-तीन आठवड्यांत गळतात. डायलिसिसने हे विष बाहेर पडत नाही. कोळशाची पूड उपयोगी पडते ती सुरुवातीच्या तासांत, तीही डॉक्टरांच्या हातून. म्हणून लक्षणांची वाट न बघता १०८ला फोन करा, मिठाचं पाणी पाजून घरी ओकाऱ्या काढू नका, आणि उरलेला कंद, सालं, शिजवलेला तुकडा पिशवीत घालून सोबत न्या. डॉक्टरांना "रानातला कंद खाल्लाय, कळलावी असू शकते" एवढं स्पष्ट सांगा आणि बरं वाटलं तरी रुग्णाला भरती ठेवायला लावा.