२५२० चं गूढ म्हणे!

परवा नाशिकला सिडकोत ताईकडे गेलो, तर सहावीतली भाची चार्टपेपरवर स्केचपेनने भलं मोठं २५२० रंगवत बसलेली. २२ डिसेंबरच्या गणित दिनासाठी. मजकूर ताईच्या व्हॉट्सॲपवरचा: २५२० ला १ ते १० सगळ्यांनी भाग जातो, अशी दुसरी संख्याच नाही, जगातले गणितज्ञ चक्रावले, शेवटी रामानुजननी गूढ उकललं. आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० दिवस × वर्षाचे १२ महिने = २५२०! हा मेसेज मला वर्षातून चारदा येतो, मी सोडून देतो. पण चार्टवर?

दुसरी संख्या नाही? दुप्पट करा, ५०४०. तिप्पट करा, ७५६०. ५०४० ला १ ते १० ने भाग जातो हे ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने 'लॉज' या ग्रंथात लिहिलंय, तेवीसशे वर्षांपूर्वी. चक्रावलं कोण मग?

आता ते पंचांग. ३० × १२ म्हणजे ३६०. एवढ्या दिवसांचं वर्ष कुठलं? चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौर ३६५ च्या थोडं वर. फरक साठत गेला की अधिक मास येतो. २०२३ च्या अधिक श्रावणात आईने दाजींना ३३ अनारसे वाढले, ते मग कशाचे? आणि दिवस गुणिले दिवस गुणिले महिने, याला काही अर्थ? ४५ × ५६ सुद्धा २५२० च होतात. शाळेचा ४५ मिनिटांचा तास गुणिले छप्पन भोग, लिहा तेही.

माझं डोकं फिरलं ते तिची वही बघून. आदल्याच आठवड्यात लसावि (दिलेल्या सगळ्या संख्यांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या) शिकवलेला, पानभर बरोबरच्या खुणा. म्हटलं, ८ घे, त्यात २ आणि ४ आले. ९ घे, त्यात ३ आला, ६ ची सोय झाली. ५ आणि ७ घे, १० आपोआप. आता ८ × ९ × ५ × ७ कर, आले २५२०. ती म्हणाली, "हात्तिच्या, लसाविच की हा!" जे पोरीला स्वतः काढता येतं, ते तिला चमत्कार म्हणून विकायचं.

रामानुजनचं नाव अगदीच हवेतून आलेलं नाही, एवढं नाइलाजाने मान्य. आपल्याहून लहान कुठल्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या संख्यांवर १९१५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा मोठा प्रबंध आला. त्याच्या कोष्टकात २५२० आहे, ४८ विभाजकांसह. कोष्टक पार ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत जातं, आणि मधली २,९३,३१,८६,२५,६०० त्यातून निसटलीये! आठवडे-महिने त्यात कुठेच नाहीत.

आणि नाशिकच्या पोरीला आकड्यांची गंमतच हवी, तर देवळालीच्या शाळेत शिकवून गेलेले द. रा. कापरेकर आहेत की. त्यांचा खेळ असा: २५२० चे अंक उतरत्या क्रमाने लाव, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा कर, उत्तराचं पुन्हा तेच. चार्ट उलटा करून तिने सुरू केलं: ५२२० − ०२२५ = ४९९५. मग ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२. सहाव्या वजाबाकीला ६१७४. पुढे कितीही केलं तरी ६१७४ च.

"आता नवा चार्टपेपर तूच आणायचा," ताई म्हणाली.