विमानात बसा, कराचे नंतर बघू

परदेशी नोकरीचे पत्र हाती पडले की सर्वप्रथम पेढे आणावेत, आणि पत्रासोबत आलेली बाकीची चौदा पाने, ज्यांत कर, भविष्य निर्वाह निधी, सामाजिक सुरक्षा असले अरसिक शब्द असतात, ती देवघराच्या खालच्या कप्प्यात सरकवून द्यावीत. मीही तसेच केले होते. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याने 2022 मध्ये मला श्टुटगार्टला पाठवले, 2024 च्या डिसेंबरात मी परतलो, आणि गेल्या सोमवारी, कुंभमेळ्यासाठी खणून ठेवलेले निम्मे नाशिक ओलांडून, पीएफच्या कार्यालयाच्या त्याच खिडकीशी तिसऱ्यांदा उभा राहिलो. त्या अधिकारावर पुढील सल्ला देत आहे. तुम्हाला तो फुकट आहे. मला बारा हजार युरोंना पडला.

निघण्याची तारीख पंचांग पाहूनच ठरवावी, दिवस मोजत बसू नये. माझे तिकीट 12 सप्टेंबरचे मिळत होते, पण पितृपक्षात कोणी शुभकार्याला निघते का, असे म्हणून आईने मोडता घातला आणि दसरा करून मी 6 ऑक्टोबरला निघालो. आता नियम असा आहे की नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाचा एप्रिल ते मार्च या वर्षातला इथला मुक्काम 182 दिवसांपेक्षा कमी भरला, तर तो प्राप्तिकराच्या दृष्टीने अनिवासी ठरतो आणि परदेशात कमावलेला पगार इथल्या करातून सुटतो. 12 सप्टेंबरला माझे 165 दिवस भरले असते. आपटा लुटून निघाल्यामुळे 189 भरले. परिणामी ऑक्टोबरपासूनचा जर्मन पगार इथल्या विवरणपत्रात दाखवणे आले, तिकडे भरलेल्या कराचे श्रेय मिळावे म्हणून फॉर्म 67 भरणे आले, आणि त्याला जोडायला जर्मन भाषेतले दाखले गोळा करणे आले. दोन देशांमध्ये 1995 चा करार असल्यामुळे एकाच पगारावर शेवटी दोनदा कर बसत नाही, हे खरे. पण तो बसू न देण्याची खटपट आपली आपणच करायची असते.

परततानाही घाई करावी. आधीच्या चार वर्षांत ज्याचे 365 दिवस भारतात भरले आहेत, त्याला कायमचे परत आल्यावर निवासी ठरण्यासाठी 60 दिवस पुरतात. मी नाताळच्या आधी, 20 डिसेंबरला उतरलो आणि मार्चअखेर माझे 102 दिवस भरले. फेब्रुवारी उजाडल्यावर आलो असतो तर सुटलो असतो.

बँकेला काही कळवू नये. अनिवासी झाल्यावर साधे बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासींचे खाते, करून घ्यावे लागते, हे बँकेला आपोआप समजतेच.

तिकडे नगरपालिकेत नाव नोंदवताना धर्माचा रकाना अभिमानाने भरावा. शरणपूर रोडवरच्या माझ्या एका मित्राने तिथे ‘कॅथॉलिक’ असे लिहिले, आणि पहिल्याच पगारातून प्राप्तिकराच्या 8 टक्के इतका चर्च कर कापला गेला तेव्हा हा देव घरच्या देवापेक्षा महाग आहे, असे त्याने मला फोनवर सांगितले.

इंदिरानगरचा फ्लॅट बिनधास्त भाड्याने द्यावा. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून 30 टक्के कर आणि वर उपकर कापून सरकारजमा करायचा असतो आणि त्यासाठी ‘टॅन’ नावाचा वेगळा क्रमांक काढायचा असतो, हे तुमच्या भाडेकरूला समजावून सांगण्याचा प्रयत्न एकदा अवश्य करून पाहावा.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी तर डोळे मिटूनच जावे, कारण त्या देशाशी आपला सामाजिक सुरक्षेचा, म्हणजे पेन्शनची वर्गणी दोन्हीकडे कापली जाऊ नये असा, करारच नाही: दरमहा पगाराचे 6.2 टक्के तिकडच्या सामाजिक सुरक्षेला जातात, निवृत्तिवेतनासाठी साधारण दहा वर्षांची नोकरी लागते, आणि तिथल्या नोकरीचा एच-वन-बी व्हिसा एरवी सहा वर्षांत संपतो.

आता मुख्य सल्ला. एचआरवर संपूर्ण विश्वास ठेवावा. ‘तुम्ही फक्त बॅग भरा, बाकी आम्ही बघतो,’ असे त्यांनी म्हटले की पुढे प्रश्न विचारणे हा शिष्टाचाराचा भंग होय. मीही विचारले नाही. भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षेचा व्यापक करार 1 मे 2017 पासून लागू आहे. त्याचा साधा अर्थ असा की इथल्या कंपनीने तुम्हाला ठरावीक काळासाठी तिकडे पाठवले असेल आणि तुमचा पीएफ इथे चालू असेल, तर भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून एक प्रमाणपत्र घ्यायचे, ज्याला ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’ म्हणतात, आणि ते दाखवले की 48 महिन्यांपर्यंत तिकडची पेन्शनची वर्गणी कापली जात नाही. मी 27 महिने होतो. म्हणजे एक कागद, फक्त एक. तो कोणी काढला नाही. माझ्या जर्मन पगारपत्रकावर दरमहा केव्ही, पीव्ही, आरव्ही, एव्ही अशी अक्षरे खाली खाली उतरत जात आणि मी शेवटचा आकडा पाहून ते घडी घालून फाइलमध्ये ठेवत असे. त्यातले ‘आरव्ही’ म्हणजे पेन्शन विमा: 4,800 युरोंवर 9.3 टक्के, म्हणजे महिन्याला 446 युरो 40 सेंट. त्याच महिन्यांत इथे पीएफचे 12 टक्केही कापले जात होते. सत्तावीस महिने मी दोन देशांत एकाच वेळी म्हातारा होण्याची तयारी करत होतो! आणि यातली गंमत पाहा, तितकीच रक्कम कंपनीनेही भरली. तिचेही बारा हजार युरो गेले, आणि चहाच्या कपांचा हिशेब ठेवणाऱ्या, टॅक्सीची पावती हरवली तर तीन मेल लिहिणाऱ्या त्या कंपनीत एकालाही त्याचा पत्ता लागला नाही.

खिडकीपलीकडचे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी माझे कागद उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, ‘साहेब, हे जायच्या आधी करायचे असते, आणि अर्ज तुम्ही नाही, कंपनीने करायचा असतो.’ कंपनीत गेलो तर नवीन मुलगी म्हणाली, ‘सर, तुमची फाइल आधीच्या मॅडमकडे होती.’ आधीच्या मॅडम नोकरी सोडून पुण्याला गेल्या आहेत. जर्मनीहून उत्तर आले की तिथला विमा संपल्यावर 24 महिने थांबा, म्हणजे तुमचा हिस्सा परत मागता येईल. कंपनीचा हिस्सा परत मिळत नाही. नाहीतर पैसे तिथेच ठेवा, दोन्ही देशांतला काळ जोडून म्हातारपणी थोडी पेन्शन मिळेल. किती थोडी, ते मी विचारले नाही.

परवा शेजारच्या काकांचा मुलगा आला होता. पुढच्या महिन्यात तो म्युनिकला निघाला आहे. दोन वर्षांसाठी कंपनीच पाठवते आहे. त्याने वजनकाट्यावर बॅग ठेवून आंब्याचे लोणचे दोन किलो न्यावे की तीन, हे मला विचारले, आणि मी त्या प्रमाणपत्राचे विचारले तर म्हणाला, ‘ते कंपनी बघतेय, काका.’

अरे, काय बघतेय? तू टूलरूममध्ये मायक्रॉनमध्ये मोजमाप करतोस, ड्रॉइंगवर एक सही कमी असली तर पार्ट परत पाठवतोस, आणि स्वतःच्या पगारातून दरमहा काय कापले जाऊ शकते हे तुला कंपनीच्या तोंडून ऐकायचे आहे? त्यांना पगार मिळतो माणसे पाठवण्याचा, तुझे पैसे वाचवण्याचा नाही. आणि तुम्ही बाकीचेही, लोणच्याच्या बरणीला तीन वेळा प्लास्टिक गुंडाळता आणि ती चौदा पाने उघडत नाही. मी उघडली नाहीत, त्याची लाज वाटते. तुम्ही हे वाचूनही उघडली नाहीत तर तुमची वाटेल. उद्या सकाळी एचआरच्या टेबलासमोर जाऊन बस. प्रमाणपत्राचा अर्ज गेला का, कोणत्या तारखेला गेला, क्रमांक काय, हे विचार, आणि ‘बघतो’ म्हणाले तर उठू नकोस. प्रत हातात आल्याशिवाय तिकिटाची प्रिंट काढू नकोस. लोणचे दोन किलो पुरे.