हिमालयातल्या धुळीला विचारा

आंब्याचा हंगाम फिसकटला की आमच्या सिंधुदुर्गात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, ‘‘पूर्वी असो पाऊस नाय होतो.’’ दुसरी म्हणते, ‘‘ह्यां चलताच, निसर्गाचां चक्र आसा.’’ पुरावा दोघांचा एकच, आजोबा काय सांगायचे! आणि आजोबा दोन्ही बाजूंना पुरून उरतात. आदर आहेच, पण माणसाच्या लक्षात राहतो तो कौलं उडवणारा पाऊस किंवा ऐन लग्नात मांडव भिजवणारा. मधली साधीसुधी वर्षं कुणालाच आठवत नाहीत. कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नियमित नोंदीसुद्धा १८४० च्या दशकापलीकडे जात नाहीत. त्याच्या मागचं काय?

त्याच्या मागचं बरंच काही बर्फात आहे. नेपाळच्या सीमेलगत तिबेटमध्ये शिशापांग्मा नावाचं शिखर आहे, आठ हजार मीटरच्या वरचं. त्याच्या दासुओपू हिमनदीवर १९९७ मध्ये हिमनद्यांचे अभ्यासक लॉनी थॉम्पसन यांच्या पथकाने तब्बल ७,२०० मीटर उंचीवर बर्फाला भोकं पाडली आणि तळाच्या खडकापर्यंतचे गोल दांडे बाहेर काढले. ते न वितळू देता अमेरिकेतल्या ओहायोपर्यंत नेले. या उंचीवर आपल्याला नीट श्वास घेता येत नाही, ही माणसं ड्रिल चालवत होती.

त्या बर्फात त्यांना हवी होती धूळ. तिथे बराचसा बर्फ पावसाळ्यात पडतो आणि तो त्यामानाने स्वच्छ असतो. कोरड्या महिन्यांत वारा धूळ आणून टाकतो. त्यामुळे वर्षाला एक जोडी थर बसत जातो आणि ती मोजत खाली जाता येतं. मोजणी चुकू नये म्हणून मध्ये खुणेचे दगडही सापडतात. उदाहरणार्थ, १९६२-६३ च्या सुमारास अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे जगभर पसरलेला किरणोत्सारी थर.

आता मान्सून रुसला तर काय होतं? वाऱ्याच्या वाटेवरची जमीन उघडी आणि कोरडी पडते, म्हणून धूळ जास्त उडते. शिवाय वर बर्फ कमी पडतो, म्हणून तेवढीच धूळ थोड्या बर्फात दाट दिसते. म्हणजे धूळ दाट दिसली तर ‘धूळ वाढली’ की ‘बर्फ घटला’, हे वेगळं काढावं लागतं. ते काढण्यासाठी थराची जाडी, ऑक्सिजनचे समस्थानिक (म्हणजे त्याचे हलके-जड प्रकार) आणि क्षार एकमेकांशी ताडून बघतात. क्लोराइड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खारं वारं आणि गंजलेल्या खिडक्या येतात. तिथे मात्र ते दुष्काळात धुळीच्या जोडीने वाढतं. मला हा सगळा प्रकार या विषयात सर्वांत आवडतो. पुरावा एकाच साक्षीदारावर सोडलेला नाही.

२००० मध्ये थॉम्पसन यांच्या पथकाचा निष्कर्ष छापून आला. गेल्या हजार वर्षांत मान्सून वारंवार दगा देत आला आहे आणि त्यातला सर्वांत भयंकर काळ १७९० ते १७९६ चा. म्हणजे आपल्याकडे सवाई माधवरावांची कारकीर्द. दख्खनमध्ये १७९१-९२ चा दुष्काळ कवटीचा दुष्काळ म्हणून ओळखला गेला, कारण मेलेल्यांना पुरायलाही माणसं उरली नव्हती. १८७६-७७ चा दुष्काळही त्या बर्फात उमटलेला आहे.

हे वाचून चक्रवाली पार्टी खूश होईल. बघा, गाड्या नव्हत्या, कारखाने नव्हते, तरी पाऊस गेलाच होता! खरं आहे. पण त्याच बर्फाची वरची बाजूही वाचायला हवी. विसाव्या शतकाच्या थरांत धूळ चौपट आणि क्लोराइड दुप्पट झालेलं आहे, आणि शास्त्रज्ञांनी ते भारत-नेपाळमधल्या माणसाच्या उद्योगांशी जोडलं आहे. त्याच दांड्यांत विसाव्या शतकातली तापमानवाढही दिसते. अर्धा दांडा वाचून निकाल द्यायचा ही आपली जुनी खोड.

पहिल्या पार्टीलाही एक सांगायचं आहे. दासुओपू कोकणाविषयी फारसं बोलत नाही. तिथली धूळ उत्तरेकडच्या कोरड्या मुलखातली. सह्याद्रीला अडून आपल्याकडे तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, त्याचं गणित निराळं. घाटावर दुष्काळ पडला म्हणजे खालीही पडलाच, असं नाही. मोहोर काळा पडला, तुडतुडे आले, कैरी गळाली की दर वेळी हिमनद्यांकडे बोट दाखवणं मला पटत नाही. फवारणी वेळेवर झाली होती का, हेही विचारा की!

धूळ मात्र आपल्यालाही नवी नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानकडून आलेल्या वादळाने मुंबईतल्या गाड्यांवर पांढरी पूड बसवली होती. अशीच वाळवंटातली धूळ हिमालयावर बसली की बर्फ काळवंडतो, ऊन जास्त शोषतो आणि लवकर वितळतो. मानसरोवराजवळच्या नाइमोनाआन्यी हिमनदीवर २००६ मध्ये भोक पाडलं, तेव्हा तो अणुचाचण्यांचा थर सापडलाच नाही. ६,०५० मीटर उंचीवर वरची कित्येक दशकं वितळून गेली होती. अशा हिमनदीला अलीकडच्या पावसाबद्दल विचारायची सोयच राहिली नाही. म्हणूनच २०१६ पासून ‘आइस मेमरी’ प्रकल्पात आल्प्समधले दांडे काढून अंटार्क्टिकावर जपायचं काम सुरू झालं.

आणि हे सगळं फार लांबचं आहे असं समजू नका. गोव्यात वास्कोला, समुद्राच्या अगदी काठावर, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. बाहेर घामाच्या धारा आणि आत उणे २० अंशांच्या खोलीत अंटार्क्टिकाचा बर्फ! याच संस्थेने २०१६ मध्ये स्पितीत चार हजार मीटरच्या वर ‘हिमांश’ हे हिमनद्यांच्या अभ्यासाचं केंद्र उभारलं. आमच्याकडची मंडळी महिन्यातून दोनदा गोव्याला जातात, कशाला जातात ते सर्वांना माहीत आहे. पण या जागेचं नावही कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

कोकणाला हिमनदी नाही. आपल्याकडे असतील तर त्या वह्या. मृग कधी लागला, पेरणी कुठल्या तिथीला झाली, वहाळ कधी भरला, हे लिहून ठेवणारी एखादी वही जुन्या घरांत अजून असू शकते. पावसाच्या आकड्यांइतकी ती पक्की नसेल, पण आजोबांच्या आठवणीपेक्षा नक्कीच पक्की. कुणाकडे असेल तर प्रत्येक पानाचा फोटो काढा, तारखा दिसतील असा, आणि कॉमेंटमध्ये टाका. मी गावाप्रमाणे लावून ठेवतो. वाळवी लागली असेल तरी चालेल. फक्त कृपा करून लॅमिनेट करू नका.