२०० ची गाडी अन् आडवा आलेला रोही

शेलूबाजारकडच्या आमच्या पुलावर संध्याकाळी पाच-सात पोट्टे उभे असतात. खालून समृद्धी महामार्ग जातो. पोर्शे दिसली की शिट्ट्या. मर्सिडीजला आता कोणी मान वळवत नाही. चाळिशी उलटली तरी मीही त्यातलाच. पण सध्या मोबाईलवर फिरणारा एक मजकूर वाचून गप्प बसवत नाही: "समृद्धी १५० साठी बांधलाय, १२० ची पाटी फक्त चालान फाडायला. भारी गाडी २०० वर पण जागेवर थांबते. ड्रिफ्ट तर हँडब्रेक ओढला की कोणालाही जमतो."

ताशी १५० किलोमीटरचा आकडा खरा आहे. पण तो आखणीचा वेग. वळण किती मोठं ठेवायचं, पुढचं किती लांबून दिसलं पाहिजे, हे त्यावरून ठरवतात. त्या हिशेबात तुमचा घासलेला टायर धरलेला नसतो. टायरच्या अंगावर मापाच्या आकड्यांशेजारी एक अक्षर असतं, ते बघा: एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०. तेही हवा बरोबर असेल तर. हवा कमी असली की टायर दर फेऱ्याला जास्त दबतो आणि तापतो, त्यात मे महिन्यातला आपल्याकडचा सिमेंट रोड.

आता "जागेवर थांबते". साधी गाडी १०० वरून थांबायला ४० मीटरच्या आसपास घेते, चांगली स्पोर्ट्सकार ३०-३२. म्हणजे ब्रेक भारी असतात, हे कबूल. पण वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होतं. तीच स्पोर्ट्सकार २०० वरून सव्वाशे मीटर खाते. त्याआधी पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, की ५५ मीटर आणखी. झाले १८०. १२० वरची साधी गाडी तोच एक सेकंद धरून ९०-९५ मीटरमध्ये उभी राहते! कुंपण असूनही आपल्याकडे जनावर आत येतं. दोनशे किलोचा रोही (नीलगाय) रात्री आडवा आला, तर डिपरचा, म्हणजे खाली पाडलेल्या दिव्याचा, उजेड शंभर मीटरही जात नाही. तेव्हा रात्री १२० सुद्धा जास्तच.

(लॅम्बोर्गिनीवाल्यांनी आधी ट्रॅक्टर काढले, १९४८ पासून, कार १९६३ नंतरच्या. पोट्ट्यांना हे सांगितलं की बापाच्या ट्रॅक्टरकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात.)

ड्रिफ्ट, म्हणजे वळणावर गाडी मुद्दाम आडवी घसरवणं, त्याचं थोडक्यात. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना ओढ पुढच्या चाकांची. हँडब्रेक ओढला की मागची चाकं जाम होतात, गाडी गरकन फिरते, आणि पुढे कुठं जाईल ते चालवणाऱ्याच्या हातात राहत नाही. व्हिडिओतला ड्रिफ्ट बंद ट्रॅकवर, शिकलेला माणूस करतो. आणि चालवणारा सोळा वर्षांचा निघाला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली बापाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही.

पुलावरून "मार, मार" असे हात करणाऱ्या पोट्ट्यांना माझं एवढंच विचारणं आहे: १२० ने गेली तर मॉडेल ओळखता येतं, चाकाच्या आतला ब्रेक लाल की पिवळा तेही दिसतं. २०० ने गेली तर काय दिसलं, नुसता रंग?