आमचे दुकान महाराष्ट्रात गेले, त्याची गोष्ट

नवे सॉफ्टवेअर किंवा नवे उपकरण घ्यावे की नाही, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी प्रथम हे ध्यानात घ्यावे की असा प्रश्न पडणे हेच मागासलेपणाचे लक्षण आहे. विक्रेत्याने दुकानाची पायरी चढावी, पिशवीतून लॅपटॉप काढावा, "सर, सगळं क्लाउडवर आहे" असे म्हणावे आणि आपण चेकबुक काढावे, हीच खरी रीत होय. आमच्या मालकांनी ती पाळली. बेळगावात पाइप, नळजोड आणि पंपाचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात मी एकोणीस वर्षे हिशेब पाहतो, त्यामुळे या विषयावर सल्ला देण्याचा माझा अधिकार, विशेषतः गेल्या महिन्याच्या दहा तारखेच्या रात्रीनंतर, कोणी नाकारू नये.

पहिला सल्ला असा की डेमो चालू असताना आपले स्वतःचे बिल कधीही करून पाहू नये. डेमोमध्ये 'एबीसी ट्रेडर्स' नावाचा एक सद्गुणी ग्राहक असतो. तो एक नग घेतो, बरोबर एक हजार रुपये देतो आणि निघून जातो. दोन एल्बो परत आणून, मागची बाकी पुढे ढकलून, वर बिल मुलाच्या नावावर मागणारा आपला ग्राहक त्या सुंदर चित्रात मुळीच आणू नये. आमच्या मालकांना बिल मराठीत छापून हवे होते. विक्रेत्याने भाषेच्या रकान्यात मराठी निवडली, अक्षरे सुरेख उमटली आणि मालकांनी चहा सांगितला. भाषा मराठी म्हणजे राज्य महाराष्ट्र, हे मात्र त्या सॉफ्टवेअरने परस्पर ठरवून टाकले आणि आमच्या दुकानाचा जीएसटीचा राज्य कोड २९, म्हणजे कर्नाटकाचा होता, तो २७, म्हणजे महाराष्ट्राचा करून ठेवला. १९५६ पासून मोर्च्यांनी, ठरावांनी आणि कोर्टाच्या तारखांनी जे साधले नाही, ते एका क्लिकने साधले. अडचण एवढीच झाली की दुकान एकटेच महाराष्ट्रात गेले आणि गिऱ्हाइके होती तिथेच राहिली.

त्यामुळे आमच्याच जिल्ह्यातल्या खानापूरच्या दुकानदाराला परराज्यातला समजून आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीचा कर लागला, आणि महाराष्ट्रातल्या चंदगडला गेलेल्या मालावर, जिथे तो खरोखर लागायला हवा होता, सीजीएसटी आणि एसजीएसटी असे राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यासारखे केंद्राचा आणि राज्याचा असे दोन तुकडे पडले. महिनाभर हे कोणाच्याही लक्षात आले नाही, कारण एकूण रक्कम तीच येत होती. अकरा तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे महिन्याच्या विक्रीचे विवरणपत्र भरायचे, आणि दहाच्या संध्याकाळी खानापूरहून फोन आला, "काय ओ अकौंटंट, आमचं खानापूर कधी परराज्यात गेलं?" त्या रात्री मी दोनशेच्या वर बिले एकेक उघडून दुरुस्त केली. विवरणपत्र गेल्यावर हे सापडले असते, आणि त्याची दुरुस्ती वेळेत झाली नसती, तर कलम ७७ प्रमाणे बरोबर खात्याचा कर पुन्हा भरायचा आणि चुकीच्या खात्यात भरलेला परत मागत बसायचे, अशी सोय कायद्यात आहे. व्याज लागत नाही, हे सरकारचे उपकार. सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदत केंद्राने रात्रभर मला संगीत ऐकवले. सकाळी एक माणूस सापडला आणि त्याने विचारले, "सर, आप बेलगाम से हैं, तो महाराष्ट्र ही हुआ ना?" या प्रश्नाचा निकाल देण्याचा अधिकार मला नाही, असे मी त्याला नम्रपणे सांगितले. त्याच सॉफ्टवेअरच्या यादीत बेलगाम आणि बेळगावी अशी दोन वेगळी शहरे आहेत. नाव नोव्हेंबर २०१४ मध्ये बदलले, पण जुने काढून टाकायला कोणाला सवड झालेली नाही, म्हणून आमचे थकबाकीदार अर्धे या शहरात राहतात आणि अर्धे त्या शहरात.

आपला डेटा पुढे बाहेर काढता येईल का, हे विचारू नये. लग्नाच्या बैठकीत काडीमोडाची चौकशी केल्यासारखे ते दिसते.

स्वस्त प्रिंटर घेताना शाईची किंमत विचारू नये.

खोक्यावरचा मोठा आकडा हाच खरा मानावा. दहा हजार एमएएचची पॉवर बँक घेतली आणि चार हजार एमएएचच्या बॅटरीचा फोन दोनदा पुरता भरत नाही, अशी तक्रार घेऊन माझा पुतण्या आला होता. तो दहा हजारांचा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. बाहेर ५ व्होल्टने वीज देताना तोच हिशेब ७,४०० वर येतो आणि उष्णतेत जाते ते वेगळे. हे सगळे त्याच खोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेले असते, परंतु आकडा मोठा असताना मुंग्या कोण वाचणार?

हजेरीचे अंगठ्याचे यंत्र तर अवश्य घ्यावे. आमच्याकडे पाइपला आटे पाडणारा जो कामगार आहे, त्याच्या अंगठ्यावरच्या रेषा लोखंडाने आणि तेलाने केव्हाच पुसून नेल्या आहेत. तो सकाळी अंगठा आधी फडक्याला पुसतो, मग शर्टाला पुसतो, त्यावर फुंकर घालतो आणि काचेवर टेकवतो. यंत्र 'प्लीज ट्राय अगेन' म्हणते. सर्वांत आधी येऊन शटर उघडणारा हा माणूस त्या महिन्यात अकरा दिवस गैरहजर लागला. ज्यांच्या अंगठ्याला कधी तेल लागत नाही ते आमचे मालक मात्र पहिल्याच झटक्यात हजर होतात, आणि त्यांचा पगार कापणारे कोणी नाही. यंत्र घेताना त्या कामगाराला एकदा हाक मारून त्याचा अंगठा लावून पाहायला किती वेळ लागला असता? दहा सेकंद. पण त्याला कोण विचारतो!

आता उपरोध मला झेपत नाही, तेव्हा सरळच बोलतो. तुम्ही कुंदा घ्यायला गेलात तर तळहातावर तुकडा घेऊन चाखल्याशिवाय पाव किलोही बांधून घेत नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठी तीन गाड्या फिरता. आणि रोजचा धंदा ज्याच्यावर चालायचा ते सॉफ्टवेअर पाव तासात घेता, तेही जो ते वापरणार आहे त्याला बाहेर बसवून. काही बिघडलेच तर ग्राहक आयोगात जाऊ, असे म्हणता. पॉवर बँकेसाठी जरूर जा, २०१९ च्या कायद्याने राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. पण धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला तो कायदा सहसा ग्राहकाची खरेदी मानतच नाही, स्वतःच्या पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतली असेल तरच मानतो. हे पैसे देण्याआधी विचारायचे असते. खानापूरचे एक बिल, चंदगडचे एक बिल, परत आलेल्या मालाचे एक बिल, एवढे तीन कागद विक्रेत्यापुढे ठेवायचे, त्याला आपल्या खुर्चीवर बसवायचे आणि आपण मागे उभे राहून पाहायचे. कराल का हे? आमच्या मालकांना मी हेच सांगितले. ते म्हणाले, बरोबर आहे, पुढच्या वेळी तसेच करू. काल गोदामाच्या नव्या अ‍ॅपचा माणूस आला होता, आणि मी वर पोहोचेपर्यंत त्याचा चहा पिऊन झाला होता.