तो मार्ग आता नाही

कॅनडातली टोरांटो-व्हँकुव्हर ही लांब पल्ल्याची रेल्वेगाडी 'कॅनेडियन' १९५५ पासून त्याच मार्गानं धावते, असं तिच्यावरच्या लेखात म्हटलंय. ते बरोबर नाही. गाडी तीच, स्टीलचे डबेही बरेचसे तेव्हाचेच; पण जानेवारी १९९० मध्ये प्रवासी गाड्यांत झालेल्या कपातीनंतर तिचा मार्ग पार बदलला. आधी ती सुपीरियर सरोवराच्या काठाकाठानं थंडर बेला जायची, मग रेजायना, कॅलगरी, बँफ. आता सास्काटून, एडमंटन, जॅस्परवरून जाते. कॅलगरीसारख्या मोठ्या शहराला आज एकही नियमित लांब पल्ल्याची प्रवासी गाडी नाही, ही गोष्ट लेखात यायलाच हवी होती. माझे काका ऐंशीच्या दशकात जुन्या मार्गानं गेले होते. रॉकी पर्वतातल्या किकिंग हॉर्स खिंडीच्या वळणदार बोगद्यांत गाडी डोंगराच्या पोटात फिरून बाहेर येते, हे ते अजून हातवारे करून सांगतात.

आम्ही टोरांटोहून व्हँकुव्हरला गेलो ते अर्थात नव्या मार्गानं, साध्या खुर्च्यांच्या डब्यातून. मालगाडीला वाट द्यायला आमची गाडी सारखी बाजूच्या रुळावर थांबायची. मैलभर लांब मालगाडी सरता सरत नसे. पण उत्तर ओंटारिओत एका ठिकाणी, जिथे फलाटसुद्धा नव्हता, गाडी फक्त दोन माणसांसाठी थांबली. सामानाच्या डब्यातून त्यांची होडी खाली उतरवली, ती डोक्यावर घेऊन दोघं झाडीत शिरले. तिथल्या कित्येक वस्त्यांना रस्ताच नाही. त्यामुळे 'ही आता निव्वळ पर्यटकांची गाडी' हे लेखातलं वाक्यही मला अजिबात पटलं नाही.