वाघ्या आणि थर्मामीटर

आमचा वाघ्या लॅब्रेडॉर आहे आणि ठाण्यातल्या पातलीपाड्याच्या आमच्या सोसायटीत त्याचा भलताच दरारा आहे. कुरिअरवाले पार्सल वॉचमनकडे टाकून पळतात. दवाखान्यात नेताना हा दरारा कॅडबरी जंक्शनपर्यंत टिकतो. चॉकलेट कुत्र्यांना विषारी असतं हे त्याला कोणी सांगितलंय देव जाणे, पण रिक्षा माजिवडा सोडून तिथे पोचली की साहेब धापा टाकतात, ओठ चाटतात, जांभयांवर जांभया देतात. रिक्षावाला म्हणतो, "झोप आलीय त्याला." झोप कसली! घाबरलेला कुत्राही जांभया देतो. नौपाड्यात दवाखान्याच्या पायरीवर तर तो चारी पाय फाकवून धरणंच धरतो.

रेबीजचा बूस्टर चुकवून चालत नाही. शिवाय सुई त्याला फारशी कळतही नाही, खरं वैर थर्मामीटरशी. तो तोंडात नाही, शेपटीखाली जातो. निरोगी कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. माझं तेवढं झालं तर मी रजा टाकते.

ट्रेनर म्हणाले, ओरडून भीती जात नाही, घरी सराव करा. आधी पंजा धरायचा, मग चीज. आधी कान उघडून बघायचा, मग चीज. क्रम उलटा केला तर चीज दिसताच तो सावध होणार. आणि तो कावराबावरा व्हायच्या आत थांबायचं. खाण्याआधीची खूण कळताच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं हे दाखवणाऱ्या पावलोवला १९०४ सालचं नोबेल पचनक्रियेवरच्या कामासाठी मिळालं होतं. आमच्याकडेही मुख्य काम पचनाचंच झालं.

सासऱ्यांनी डॉक्टरची भूमिका मागून घेतली. पांढरा शर्ट, गळ्यात इअरफोन. "वाघोबा, आ करा बघू!" वाघोबा आ करायचे, चीज गिळायचे आणि दुसरा कान आपणहून पुढे करायचे. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "माझं बीपी बघायला कधी एवढ्या हौसेने उठला नाहीत."

दवाखान्यातलं स्टीलचं टेबल निसरडं असतं, पाय सरकले की कुत्रा आणखी बिथरतो. म्हणून माझी योगा मॅट त्यावर अंथरायला नेली. घेतल्यापासून ती प्रथमच कोणाच्या तरी उपयोगी पडली.

पुढचा धडा म्हणजे इंजेक्शन नसतानाही दवाखान्यात जायचं. वजनकाट्यावर उभं राहायचं, चीज खायचं, घरी यायचं.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "काय होतंय याला?"

"काही नाही."

"मग?"

"चीज खायला आलाय."

तिने वहीत काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

पण गुण आला. आता पायरी दिसली की वाघ्याच मला आत ओढतो आणि न सांगता काट्यावर चढतो. बूस्टरच्या दिवशी डॉक्टर खूश झाले, मग काट्याकडे बघून गंभीर झाले. "वजन वाढलंय. चीज बंद. गाजर द्या."

गाजरावर तो पंजा देतो, कान देतो, दातही दाखवतो. थर्मामीटरला मात्र चीजच लागतं.